तांब्याभर पाऊस

आमच्या महसूल मंडळातल्या एका आंबा बागायतदारास,

नाव लिहीत नाही. एकाच गडग्याच्या अल्याड-पल्याड आपली कलमं आहेत, एवढ्यावरून तुला कळेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या त्या रात्री आपल्या मंडळाच्या हवामान केंद्रावर पाऊस पडला. फक्त केंद्रावर. सकाळी बागेत गेलो तर पायाखाली पातेरा कुरकुरत होता, वाटेवरची तांबडी धूळ जिथल्या तिथे. रात्री मोबाइलवर पणजीच्या रडारचं चित्र पाहिलं होतं, तेही कोरं. पुढे केंद्राचे आकडे मिळवले. पर्जन्यमापकात दोन वाट्यांची झुलती पट्टी असते. एक वाटी भरली की कलंडते आणि दुसरी पुढे येते, कलंडण्यांवरून पाऊस मोजतात. सगळा पाऊस दहा मिनिटांत, मागेपुढे शून्य, आर्द्रतेचा आकडा जागचा हललेला नाही. ढग असा पडत नाही. तांब्या पडतो.

विचारलं तेव्हा तू हसलास. म्हणालास, "सरकारचेच आहेत, तुझ्या खिशातले गेले काय?"

माझ्या खिशात आले, हेच तर दुखणं आहे. फळपीक विमा मंडळाच्या नोंदीवर चालतो, त्यामुळे भरपाई सगळ्यांनाच मिळाली. मी गप्प बसलो. त्या पैशातून पडवीची कौलं बदलली. तू मला न विचारता भागीदार केलंस.

आणि "सरकारचेच" म्हणजे काय रे? आपण हप्त्याचा एक हिस्सा भरतो, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या आग्नेय भागात २०१६-१७ साली दोघा शेतकऱ्यांनी तुझ्या उलट उद्योग केला. पाऊस पडत असताना मापकांवर पराती झाकल्या, तारा तोडल्या आणि दुष्काळ दाखवून विमा उचलला. सरकारला फसवण्याचा कट असा वेगळा गुन्हाच तिथे कायद्यात आहे. दोघांनी तो कबूल केला, तुरुंगात गेले, वर ६० लाख डॉलरहून अधिक भरावे लागले. शिवाय लिंकनच्या काळातला, १८६३ चा एक कायदा आहे: सरकारकडे केलेला खोटा दावा उघडकीला आणणाऱ्याला वसुलीत वाटा मिळतो. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, फसवून पैसे उकळले तर सात वर्षांपर्यंत कैद. वाटा मला नको. माझी कौलं आधीच बदलून झालीत.

यंदाच्या मार्चमध्ये मात्र खरा पाऊस आला. रात्रभर रिपरिप, बुटक्या ढगांचा. सुपारीएवढी फळं गळून झाडाखाली सडा पडला. केंद्रानं नोंद बरोबर घेतली, आणि ती "पडताळणीसाठी" अडकली. साहेबांनी रडारचं चित्र पुढे केलं. त्यात आपल्या मंडळावर जवळजवळ काहीच नव्हतं. मी सांगून पाहिलं, की पृथ्वी गोल आहे, शंभर किलोमीटरवर रडारचा किरण जमिनीपासून दीड किलोमीटर वर असतो, त्याखालचा पाऊस त्याला दिसेलच असं नाही. साहेब म्हणाले, "गेल्या वर्षीही तुमच्याकडे असाच अदृश्य पाऊस पडला होता ना?"

काय उत्तर देणार होतो? ज्या चित्रावरून मी तुला ओळखलं, त्याच चित्रावरून त्यांनी मला ओळखलं.

वरच्या वाडीतल्या काकींचं सगळं पोट पंधरा कलमांवर आहे. त्यांना अजून वाटतं, संगणक बिघडलाय. परवा विचारत होत्या, "तुका रडारातला कळता मा रे?" मी मान खाली घातली.

मागच्या भरपाईतली माझी रक्कम परत करायला मी तालुक्याला जाऊन आलो. कारकुनानं कागद उलटापालटा करून पाहिला; म्हणाला, पैसे परत घ्यायचा अर्जच नाही आमच्याकडे, साध्या कागदावर लिहून आणा, कारणासकट. सोमवारी तो कागद देणार आहे. कारण एका ओळीत मावत नाही आणि त्यात तुझं नाव येतं. तिथे ते गाळता येणार नाही. सातची एसटी तिठ्यावर थांबते. आलास तर तुझं तू लिही.

तुझा शेजारी