भाड्याच्या दाराला 'स्मार्ट' कुलूप : किल्ली कोणाची, ताबा कोणाचा?

अंकुशनगर (जि. जालना) – अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत. माजी खासदार अंकुशराव टोपे यांचे नाव तिला मिळाले आहे. अशा कारखान्यांच्या गावी घर बदलणे ही नवलाची गोष्ट नाही. हंगामाबरोबर माणसे येतात, बदली झाली की जातात आणि जाताना किल्ली घरमालकाच्या हाती देतात. मात्र त्या किल्लीच्या आजवर किती प्रती निघाल्या, हे मालक विचारत नाही आणि नवा भाडेकरूही विचारत नाही. बाजारातील किल्लीवाला पाच मिनिटांत दुसरी किल्ली घासून देतो आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही.

याच गावांतील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे भाड्याने राहतात. आपल्या मुलीच्या खोलीची दुसरी किल्ली नेमकी कोणाकडे आहे, ही गावाकडच्या आई-वडिलांची चिंता खरी आहे. बोटाच्या ठशाने, आकडी संकेताने किंवा मोबाइलवरून उघडणारे 'स्मार्ट' कुलूप हा या चिंतेवरचा उपाय म्हणून आज बाजारात उभा आहे. काही हजार रुपयांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत त्याच्या किमती आहेत. प्रश्न असा, की जे दार आपले नाही त्याला हे कुलूप कसे लावायचे? आणि लावल्यावर त्याचा खरा धनी कोण?

दार आधी, कुलूप नंतर

जाहिरातींत दिसणारी बरीचशी कुलपे अमेरिकी दारांसाठी घडवलेली असतात. तेथे दाराला सुमारे 54 मिलिमीटर व्यासाचे गोल भोक आधीच असते. त्यामुळे आतील फिरकी काढून तिच्या जागी मोटर बसवली, की काम भागते. महाराष्ट्रातील दारांची तऱ्हा वेगळी. गावातील भाड्याच्या खोल्यांना बहुधा अल्ड्रॉप आणि त्याला लोंबते कुलूप असते. जुन्या फ्लॅटच्या दाराला आतून स्क्रूने बसवलेला नाइट लॅच असतो, तर नव्या इमारतींत दाराच्या जाडीत बसवलेले मॉर्टिस कुलूप आढळते. साहजिकच तिघांचे उपायही वेगळे आहेत.

अल्ड्रॉप असलेल्या दाराला ठशाने उघडणारे लोंबते कुलूप एवढाच सोपा पर्याय आहे. त्यासाठी दाराला हातही लावावा लागत नाही. पण कडी-कोयंडा जितका मजबूत, तितकीच त्याची सुरक्षितता. नाइट लॅचच्या जागी आतून बसणारे स्मार्ट कुलूप येते. तथापि आकड्यांची पाटी बाहेर लावायची असल्याने तारेसाठी दाराला आरपार भोक पाडावे लागते. भाडेकरूला सर्वांत सोयीची स्थिती मॉर्टिस कुलपाची. त्यातील किल्लीचा दंडगोल, म्हणजे सिलिंडर, दाराच्या कडेचा एक स्क्रू काढला की बाहेर येतो. त्याच मापाचा स्मार्ट सिलिंडर तेथे बसतो आणि घर सोडताना जुना पुन्हा जागेवर जातो. सुताराची गरज नाही आणि दारावर खूणही राहत नाही.

खरेदीपूर्वी तीन मापे घ्यावीत. पहिले दाराच्या जाडीचे, कारण पातळ फ्लश दाराला अनेक कुलपे बसत नाहीत. दुसरे दाराच्या कडेपासून किल्लीच्या छिद्रापर्यंतच्या अंतराचे. तिसरे माप बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे मुख्य दार आणि बाहेरचे जाळीचे सेफ्टी डोअर यांमधील मोकळ्या जागेचे. स्मार्ट कुलपाचा बाहेरचा भाग जाडजूड असतो. जागा कमी असेल, तर सेफ्टी डोअर लागतच नाही आणि एक सुरक्षितता मिळवताना दुसरी गमावली जाते.

वीज, पावसाळा आणि बोटांचे ठसे

मराठवाड्यात पहिली शंका विजेची येते. वास्तविक ही कुलपे घरातील विजेवर नव्हे, तर बहुधा चार पेन्सिल सेलवर चालतात. वीज गेली तरी दार उघडते. बंद पडते ते वाय-फाय. त्यामुळे ज्या कुलपाला प्रत्येक वेळी इंटरनेट लागते, ते येथे कामाचे नाही. सेल संपत आल्याची सूचना आधी मिळते आणि बऱ्याच कुलपांना बाहेरून नऊ व्होल्टचा सेल किंवा मोबाइलची चार्जिंग वायर लावून तात्पुरती वीज देता येते. तरीही साध्या किल्लीने उघडण्याची सोय असलेलेच कुलूप घ्यावे आणि ती किल्ली घराबाहेर, विश्वासू माणसाकडे ठेवावी. कपाटात ठेवलेली किल्ली बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाची नसते.

पावसाळ्यात लाकडी दार फुगते. मनुष्य खांद्याने दार रेटून कडी लावतो, मोटरला ते जमत नाही. बोल्ट चौकटीतील पट्टीवर अडकतो, मोटर पुन्हा पुन्हा जोर लावते आणि सेल लवकर संपतात. म्हणून बसवताना दार हलकेच ढकलून बोल्ट सहज आत जातो की नाही हे पाहणे आणि चौकटीतील खाच थोडी मोकळी करणे आवश्यक आहे. खाचेची पट्टी लांब स्क्रूने पक्की केलेली नसेल, तर महागड्या कुलपाचाही उपयोग नाही. लाथेने तुटते ती बहुधा चौकट, कुलूप नव्हे.

ठशांचेही तसेच. शेतात, ऊसतोडीत किंवा बांधकामावर राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. 'आधार'च्या पडताळणीत ठसा न जुळण्याचा अनुभव अशा अनेकांना आला आहे. वृद्धांची अडचणही हीच. त्यांच्यासाठी आकडी संकेत बरा, पण तो चार नव्हे तर सहा आकडी असावा. चार आकड्यांचे दहा हजार संकेत होतात, सहांचे दहा लाख. शिवाय तीच चार बटणे रोज दाबून झिजली, की पाहणाऱ्यापुढे केवळ 24 शक्यता उरतात. संकेत अधूनमधून बदलणे हाच त्यावर उपाय.

कायदा काय सांगतो?

येथपर्यंतचा भाग सुताराचा. पुढचा अधिक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून राज्यातील अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे मुख्यतः शहरांत, लागू आहे. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमस्वरूपी बांधकाम करणे हे त्याच्या कलम 16 नुसार घर खाली करून घेण्याचे एक कारण ठरते. मात्र आवश्यक परवानगीने बसवलेले दार, लाकडी आडभिंत किंवा वातानुकूलन यंत्र यांनाही हे कलम कायमस्वरूपी बांधकाम मानत नाही. तेव्हा केवळ कुलूप बदलले म्हणून घर जाण्याचे भय अवास्तव आहे. खरा वाद होतो तो दाराच्या भोकावरून आणि कापल्या जाणाऱ्या अनामत रकमेवरून.

भाडेपट्टा असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 भाडेकरूला आपण बसवलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढून नेण्याची मुभा देते. अट एवढीच, की जागा मिळाली होती त्याच स्थितीत परत करावी. म्हणूनच जुने कुलूप, त्याचे स्क्रू व किल्ल्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात आणि काम सुरू करण्यापूर्वी दाराची छायाचित्रे काढून ठेवावीत. कारखान्याच्या वसाहतीतील निवासस्थानाची गोष्ट निराळी. ते नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. तेथे व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज दाराला हात लावू नये.

शहरांत बहुतेक घरे आज 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. या कराराचा पायाच असा, की राहण्याची परवानगी मिळते, कायदेशीर ताबा मालकाकडे राहतो. दुसरी किल्ली मालकाकडे राहील, हे कलम अनेक करारांत दिसते ते याच कारणाने. तथापि केवळ शब्दांनी प्रश्न सुटत नाही. करार भाडेपट्ट्याचा की परवानगीचा, हे ठरवताना नावापेक्षा त्यातील खरा हेतू पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात 1959 मध्येच सांगितले. एकट्याचा, अनिर्बंध ताबा ही त्यातील एक महत्त्वाची कसोटी. दाराची एकमेव किल्ली स्वतःकडे ठेवण्याची भाडेकरूची इच्छा म्हणूनच मालकाला बोचते.

दुसरीकडे, मालकाकडे किल्ली आहे म्हणून त्याने केव्हाही आत यावे, असे नाही. अधिनियमाचे कलम 28 मालकाला पाहणीचा अधिकार देते. परंतु पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी.

मोबाइलमधला घरमालक

स्मार्ट कुलपाने हा जुनाच तंटा नव्या रूपात पुढे आणला आहे. कुलपाचे मुख्य खाते ज्याच्या मोबाइलवर, तो नवा संकेत देऊ शकतो, जुना रद्द करू शकतो आणि दार किती वाजता उघडले तेही पाहू शकतो. पूर्वी भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी मालकाला दारापर्यंत येऊन कुलूप ठोकावे लागे आणि ते शेजारी पाहत. आता बसल्या जागी बोट फिरवले की पुरे. अशा रीतीने कायदेशीर मार्गावाचून ताबा गेलेल्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. परंतु रात्री अकरा वाजता सामानासह दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला हा दिलासा दूरचाच.

न्यूयॉर्कमध्ये मालकाने इमारतीला स्मार्ट कुलपे बसवल्यावर भाडेकरू न्यायालयात गेले आणि 2019 च्या तडजोडीत त्यांना साध्या किल्ल्या मिळाल्या. त्या शहराने 2021 मध्ये स्वतंत्र कायदा करून प्रवेशाच्या नोंदी 90 दिवसांत नष्ट करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. एखाद्या मालकाने भाडेकरूच्या येण्याजाण्याची नोंद पाहिली, तर हा कायदा कितपत कामी येईल, याविषयी शंकाच आहे. तंत्रही निर्दोष नाही. 2017 मध्ये लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरून पाठवलेल्या सदोष सुधारणेमुळे सुमारे 500 कुलपे निकामी झाली होती.

यातून मार्ग निघतो तो करारातूनच. कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तो केवळ अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. त्याच करारात चार ओळी अधिक घालाव्यात. कुलपाचा खर्च कोणाचा. मुख्य खाते राहणाऱ्याकडे असेल. मालकाकडे साधी किल्ली पाकीटबंद राहील आणि ती आग, पाणीगळती अशा आणीबाणीतच वापरली जाईल. घर सोडताना सर्व ठसे व संकेत पुसून जुने कुलूप परत बसवले जाईल. मालकाने स्वतः कुलूप बसवून दिले असेल, तर प्रत्येक नव्या भाडेकरूसमोर ते मूळ स्थितीत आणून खाते त्याच्या हवाली करावे.

या चार ओळी लिहून घ्यायला संकोच वाटतो, हे खरे. घर मिळवण्याच्या गरजेपुढे भाडेकरू गप्प राहतो आणि मालकाला त्यात अविश्वास दिसतो. पण अविश्वास तर आधीपासूनच आहे. म्हणून तर कुलूप बदलण्याची वेळ आली. तो कागदावर आला, तर निदान दोघांनाही आपापली मर्यादा कळेल. एरवी हजारो रुपये खर्चूनही गावाकडच्या आई-वडिलांचा प्रश्न जागच्या जागीच राहील : दुसरी किल्ली नेमकी कोणाकडे आहे?