आवक-जावक

शाळेच्या कचेरीत ज्यांची हयात गेली, त्यांना आवक-जावक नोंदवहीचे महत्त्व सांगावयास नको. आलेले पत्र एका बाजूस, गेलेले दुसऱ्या बाजूस. वाद उपस्थित झाला की वही उघडावी आणि नोंदीवर बोट ठेवावे. अशीच एक वही संगणक स्वतःपुरती लिहीत असतो, याचा पत्ता आम्हांला येथे तलमडुगूच्या शाळेत मागील हिवाळ्यात लागला, आणि तोही मोठ्या अडचणीच्या वेळी.

दहावीच्या मुलांची नामावली छायाचित्रांसह पाठविण्याचा तो अखेरचा दिवस. एकेक छायाचित्र चढावयास पाच-पाच मिनिटे लागत, मध्येच सारे पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या मुलाचे नाव राहिले तर त्याच्या आईबापांस काय तोंड दाखवावे? दोष बाहेरच्या लाइनचाच, असा निवाडा आम्ही करून टाकला आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीस एक खरमरीत पत्रही लिहिले. सायंकाळी आमचा एक माजी विद्यार्थी सहज भेटीस आला. तो म्हणाला, "सर, पत्र जरा थांबवा. आधी आकडे पाहू."

आमच्या संगणकावर लिनक्स प्रणाली आहे. त्याने काळी खिडकी उघडून एक लहानशी कमांड टंकली : आयपी, मग आडव्या रेघेसह एस, मग लिंक. (नेटस्टॅट ही याच कुळातील वडीलधारी कमांड १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समध्ये आली.) पडद्यावर संगणकाच्या प्रत्येक इंटरफेसची, म्हणजे जाळ्याशी जोडणाऱ्या दाराची, नोंद उमटली. आरएक्स म्हणजे आवक, टीएक्स म्हणजे जावक; त्याखाली बाइट किती, पाकिटे किती, सदोष किती, टाकून दिलेली किती. पहिली नोंद 'लो' नावाच्या दाराची. तेथे संगणक स्वतःलाच पत्रे लिहितो, म्हणून आवक आणि जावक अगदी सारखी! असा हिशेब आमच्या कचेरीत एकदाही जुळलेला नाही.

खऱ्या तारेच्या नोंदीत आवकेतील सदोष पाकिटांचा आकडा काही हजारांचा होता. आम्ही हबकलो, पण तो म्हणाला, हा आकडा संगणक सुरू झाल्यापासूनचा, एकट्याने काही सांगत नाही. दहा सेकंद थांबून त्याने तीच कमांड पुन्हा दिली. आकडा वाढला होता. आणखी दहा सेकंदांनी आणखी वाढला.

याचा अर्थ त्याने समजावला, तो येथे देतो. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक पडताळ्याचा अंक असतो. घेणारा तो स्वतः मांडून पाहतो. न जुळल्यास पाकीट सदोष म्हणून मोजून फेकून देतो, आणि पाठविणाऱ्यास ते पुन्हा पाठवावे लागते. काम थांबत नाही, पण रखडते. मर्म पुढेच आहे. हा अंक तारेच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने मांडला जातो. बाहेरची लाइन मंद असती तर पाकिटे कमी आली असती, मोडकी नव्हे. मोडतोड होत होती ती राउटरपासून आमच्या टेबलापर्यंतच्या टप्प्यात! आमच्याकडून जाणारी पाकिटे बिघडली, तर त्यांची नोंद मात्र पलीकडच्या टोकाला होते. आपल्या वहीत ती सापडत नाही.

तार शोधीत गेलो. ती कचेरीच्या दाराच्या उंबऱ्यावरून गेलेली, आणि दार दिवसातून शंभरदा तिच्यावर मिटत होते. अशी सोय आम्हीच सुचविली होती.

कपाटात एक दुसरी तार होती, ती लावली. पुन्हा पाहतो तो सदोष पाकिटांचा आकडा तेवढाच! आमचा चेहरा उतरला. विद्यार्थी हसला : जुनी नोंद संगणक बंद होईपर्यंत पुसली जात नाही, वाढते का, एवढेच पाहावयाचे. आयएफस्टॅट ही दुसरी कमांड त्याने चालू ठेवली. ती दर सेकंदाची आवक-जावक किलोबाइटांत दाखवते. कंपनीचा करार बिटांत, हिशेब बाइटांत, म्हणून आठांनी भागावे लागते. आम्ही भागून पाहिले. करारात म्हटले त्याच्या जवळपास वेग मिळत होता.

रात्री साडेदहाला शेवटचे छायाचित्र चढले. सदोष पाकिटांचा आकडा जेथल्या तेथे होता. कंपनीस लिहिलेले पत्र अजून टेबलाच्या खणात आहे. त्यावर जावक क्रमांक टाकला नव्हता, हे एक बरे झाले.