आजींचे डोळे आणि कानांतली कुडी

दिवाळीत आजींनी ठेवणीतले लुगडे नेसावे, हौसेने फोटोला बसावे आणि नेमका तोच फोटो धूसर यावा! मग सारा दोष कॅमेऱ्याच्या माथी. तसे करू नका. फोटो मोठा करून आधी पाहा : त्यात कुठे तरी काही तरी रेखीव आले आहे काय?

कुडी लखलखीत आणि डोळे धुक्यात, असे असेल तर फोकस कानावर बसला आहे. हे फार वेळा घडते. ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग, छिद्र १.८ आणि अंतर १ मीटर, एवढ्या जुळणीत जेमतेम ४ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळ्यापासून कान त्याहून लांब! छिद्र ५.६ केल्यास ही खोली १३ सेंटिमीटरांवर जाते. मात्र उजेड कमी पडतो, म्हणून आजींना खिडकीपाशी बसवावे. फोकस जवळच्या डोळ्यावर धरावा आणि नंतर पुढेमागे झुकू नये.

कुडीवरच्या चमकेची रेघ झाली असेल, तर कोणी तरी हलले आहे. मागची भिंतही फरफटली असेल तर आपला हात. नाही तर आजी. शटर १/१२५ सेकंदावर न्या.

आणि सगळ्यावरच दुधाळ साय? भिंगाला बोटांचे तेल लागले आहे. मोबाईलला तर हमखास, त्यातून फराळाचे दिवस! स्वच्छ मऊ कापडाने पुसा.

धूसरपणात सुरकुत्या झाकतात, म्हणून काहींना तो आवडतो. आम्हांला आजींच्या सुरकुत्या हव्यात. तेव्हा त्यांनी लुगडे बदलण्याआधीच आणखी एक फोटो घ्या.