खुक्रीचा धडा आणि कोलकाता

पवना खोऱ्यातल्या शिरगावापासून समुद्र घाटापलीकडे, दूर आहे. तरी त्याच मावळात, लोणावळ्याला, नौदलाचे ‘आयएनएस शिवाजी’ हे केंद्र १९४५ पासून उभे आहे. पाणतीर लागून जहाजात पाणी शिरू लागले तर ते कसे थोपवावे, याचे शिक्षण खलाशांना तेथे मिळते. अर्थात हा अखेरचा उपाय होय. त्याआधीच्या उपायांचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार शिरगावच्या करदात्यालाही आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवनजीकच्या समुद्रात ‘खुक्री’ बुडाली. १८ अधिकारी व १७६ खलाशी प्राणांस मुकले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या शौर्याचे गोडवे आपण गातो, ते योग्यच आहे. परंतु पाणबुडीची शिकार करण्यास निघालेली नौकाच शिकार का झाली? पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीला तिचा माग आधी लागला. ‘खुक्री’वर मात्र सोनारच्या एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. जहाज वेगाने गेले तर स्वतःच्याच आवाजाने बहिरे होते. हळू गेले तर पाणतीराला आयते सापडते. शिवाय अरबी समुद्राच्या उष्ण पाण्यात तापमानाचे थर असतात, त्यांत ध्वनी वाकतो व पाणबुडी दडून राहते.

या पेचावर उपाय आहे: जहाजामागे लांब केबलने खोल पाण्यात ओढला जाणारा सोनार. तो नौकेच्या आवाजापासून दूर असतो. तथापि स्वदेशी प्रयत्न वर्षानुवर्षे रखडला, परदेशी खरेदीही अडून राहिली, आणि २०१४ मध्ये माझगाव गोदीत बांधलेली ‘कोलकाता’ ही महागडी विनाशिका असा सोनार नसतानाच नौदलात दाखल झाली. स्वावलंबनाचे धोरण बरोबर आहे. पण ते सिद्ध होईपर्यंतची जोखीम खलाशाने का सोसावी?

२०२० मध्ये ‘मारीच’ ही स्वदेशी यंत्रणा नौदलाने स्वीकारली. येणारा पाणतीर ओळखून ती त्याला खोट्या आवाजाने भुलविते. (नाव समर्पक आहे, यात शंका नाही.) ‘खुक्री’नंतर तोवर ४९ वर्षे उलटली होती. या दिरंगाईचा जाब लोकसभेत मागता येतो. परंतु तेथे संरक्षण खात्याच्या मागण्या अनेक वर्षी चर्चेविनाच संमत झाल्या आहेत. पाणबुडीविरोधी साधने बसल्याखेरीज नौका ताब्यात घेऊ नये, आणि घ्यावीच लागली तर उणीव कधी भरून निघेल ती तारीख सभागृहात सांगावी, एवढी मागणी तरी खासदारांनी करावयास हवी.