डबीतला वायफाय अडॅप्टर

जुने चार्जर, तुटकी रोझरी आणि अंगठ्याएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर, हे तिन्ही आपल्या घरांत एकाच डबीत सापडतात. डेस्कटॉपला इंटरनेट हवं झालं की दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. माझं म्हणणं, आधी डबी उघडा.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे कितीतरी धडधाकट डेस्कटॉप बाद ठरले. आमच्या वडोदऱ्यात ते भंगारात जाण्याआधी विचार करा: ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलीने ‘डिजिटल गुजरात’वर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठून भरायचा? अशा संगणकावर लिनक्स छान चालतं. अडतं ते बहुधा वायफायपाशी.

अडॅप्टरवरच्या नावाला भुलू नका, आतली चिप महत्त्वाची. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची चिप होती, दुसरीत रियलटेकची आली. मॉडेलचं नाव तेच. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा-साखर छापतात, मग खोक्यावर चिपचं नाव छापायला काय हरकत आहे?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ लिहिलं की ओळख क्रमांक दिसतो. सुरुवातीला ‘०बीडीए’ असेल तर चिप रियलटेकची. ‘०बीडीए:१ए२बी’ दिसलं, तर अडॅप्टर अजून सीडीच्या सोंगात आहे. विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ने ते सोंग उतरतं. रियलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपना २०२३च्या लिनक्स कर्नल ६.२मध्ये आधार मिळाला, म्हणून जुनी आवृत्ती टाकू नका. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर, हा पेच मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की सुटतो.

राउटरचं नाव यादीत येत नसेल, तर अडॅप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असून राउटर ५वर असू शकतो. आणि तो कॅबिनेटच्या पाठीमागे, यूएसबी ३च्या शेजारी खोचू नका; त्या पोर्टचा गोंगाट २.४ला त्रास देतो, हे इंटेलने २०१२मध्येच लिहून ठेवलंय. हातभर एक्स्टेन्शन केबल पुरते.

येत्या रविवारी मिस्सानंतर डबीतला अडॅप्टर घेऊन या. खोका नसला तरी चालेल, टोपण हरवलं असलं तरी चालेल.