पावसाळा हा डोंगर चालण्याचा मौसम नव्हे

मृगाचा पहिला पाऊस पडायचा अवकाश, सह्याद्री विक्रीला निघतो. फोन उघडावा तर धुक्यातला किल्ला, त्याखाली शनिवार-रविवारच्या तारखा, बसचं भाडं, नाश्त्यात पोहे आणि शेवटी तेच ते वाक्य: सह्याद्री पाहावा तर पावसाळ्यातच. हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की आता ते कुणाचं मत राहिलेलं नाही, ते गृहीत झालं आहे. डिसेंबरात डोंगरावर निघालो म्हटलं की लोक विचारतात, आता तिथं बघायला काय आहे?

मला या गृहीताशीच भांडायचं आहे. लोहगडाला सकाळी चढून दुपारी उतरणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, जरी 2023 च्या जुलैतल्या एका रविवारी त्याच लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं कशी तुंबली होती ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मी बोलतोय ते लांबच्या चालीबद्दल. पाठीवर शिधा घेऊन तीन-चार दिवस घाटमाथ्यावरून चालत जाणं आणि कोकणात उतरणं. त्यासाठी पावसाळा हा सगळ्यात वाईट काळ आहे. जे लोक नवख्यांना या दिवसांत अशा वाटेवर पैसे घेऊन नेतात, ते त्यांना मौसम विकत नाहीत, स्वतःच्या धंद्याची सोय विकतात.

राजगड-तोरणा-रायगड ही वाट घ्या. महाराष्ट्रात लांब चालणाऱ्यांची ही शाळाच आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडायचं, डोंगराची धार धरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं, मग गड उतरून वाड्या-वस्त्यांतून मोहरी गाठायचं आणि तिथून बोराट्याच्या किंवा सिंगापूरच्या नाळेने कोकणात. तोरण्याची उंची 1403 मीटर. आकडा हिमालयवाल्यांना किरकोळ वाटेल, पण इथं उंची मारत नाही, उतार मारतो. धारेवर दोन्ही बाजूंना दरी, पायाखाली मुरमाचा घसारा नाहीतर कातळ. जुलैत त्या कातळावर शेवाळाचा थर असतो आणि धुक्यात पुढच्या माणसाची पिशवीसुद्धा दिसत नाही. चार दिवस चालायचं आणि लिंगाणा दिसलाच नाही, म्हणजे केलं काय?

आणि नाळ म्हणजे काय हे तरी जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? नाळ ही माणसासाठी झालेली वाटच नाही. घाटमाथ्यावरचं पाणी कोकणात कोसळून कोसळून डोंगराला जी चीर पडली, ती नाळ. पाणी नसतं तेव्हा दगडाधोंड्यांवरून आपण तिचा वापर करतो, इतकंच. पावसाळ्यात ती तिच्या मूळ मालकाच्या ताब्यात असते. वरच्या पठारावर तासभर जोराची सर आली की खाली धोंडे हलतात. मधे अडकलेल्याला ना वर जाता येतं ना खाली.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, महाराज नाही का भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाला गेले? गेले. 1660 च्या जुलैत गेले. पण त्याआधी सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने गडाभोवती आवळलेला होता. ती निवडलेली तारीख नव्हती, जिवावरची वेळ होती, आणि पाऊस-अंधाराचा आडोसा त्या वेळी कामाचा होता. त्या रात्रीची आठवण म्हणून कुणी ती वाट श्रद्धेने चालत असेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्यावरून मौसमाचा नियम काढायचा असेल, तर नियम त्याच महाराजांनी घालून दिलेला आहे आणि तो उलटा आहे. सभासदाने बखरीत लिहून ठेवलंय: पावसाळ्यात लष्कर छावणीला, दसरा झाला की मुलूखगिरीला. ज्यांचं अख्खं आयुष्य या डोंगरात गेलं, ते पावसाळ्यात घोडी आणि माणसं छपराखाली ठेवत होते. आपण मात्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत संगणकापुढे बसलेला मुलगा शनिवारी रात्री थेट धारेवर नेऊन उभा करतो.

दुसरं उत्तर वारीचं. आषाढात लाखो लोक आळंदी-देहूहून पंढरपूरला पायी जातात, त्यात म्हातारेकोतारेही असतात, मग तुम्हालाच पावसाची एवढी भीती का? हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर माझ्याच बाजूने लागतं. एक तर पालखीचा रस्ता दिवेघाट चढला की बराचसा कमी पावसाच्या मुलखातून जातो. बरोबर पाण्याचे टँकर असतात, दवाखाना असतो, गावोगावी भाकरी तयार असते. पण मोठी गोष्ट वेगळी आहे. पेरण्या उरकल्यावर शेतकऱ्याच्या हाताला जी उसंत मिळते, त्या उसंतीत वारी बसते. तिचा मौसम कामाच्या पंचांगात मावतो. आपल्या पावसाळी सहली नेमक्या उलट्या बसतात.

कारण मावळात जुलै म्हणजे भाताची लावणी. वर्षाचं पोट त्या दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून असतं. घरातलं शाळकरी पोर धरून सगळे गुडघाभर चिखलात असतात. अशा वेळी शहरातून पन्नास-साठ जणांचा घोळका येतो, चिखल टाळायला खाचराच्या बांधावरून चालतो, बांध फुटतो, पाणी निघून जातं. रात्री कुणीतरी चुकतो, कुणाचा पाय मुरगळतो, आणि बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतो तो दिवसभर लावणी करून आलेला गावकरीच. शहरातली बचाव पथकं येतात, जीव धोक्यात घालून येतात, पण ती पोचेपर्यंतचे तास गावचे असतात. या मजुरीचा हिशेब कुठल्याच जाहिरातीत नसतो.

त्यात जुलै हा या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा भीतीचा महिना आहे. माळीण, 30 जुलै 2014. तळिये, 22 जुलै 2021, रायगड ज्या महाड तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, 80 हून अधिक माणसं. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडलेच नाहीत, आणि मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तो डोंगर चढतानाच मृत्यू झाला. डोंगर कधी सुटेल म्हणून ज्या वाड्या रात्री जागून काढतात, त्यांच्या अंगणातून आपण गाणी लावून धबधबा शोधत जायचं, ही मला नुसती बेफिकिरी वाटत नाही. यात एक प्रकारची बेअदबी आहे.

मग निघायचं कधी? पाऊस थांबला की लगेच नाही. ऑक्टोबरला उगाच गोंडस करून ठेवलं आहे. सोनकी-तेरड्याची फुलं सुंदर असतात हे खरं, पण परतीचा पाऊस दुपारी विजा घेऊन येतो, उघड्या धारेवर लपायला जागा नसते, छातीएवढ्या गवतात वाट हरवते आणि ऊन असं तापतं की जूनच्या गारव्याची आठवण यावी. शिवाय भात उभं असतं किंवा कापणीला आलेलं असतं, तेव्हा वाट दाखवायला माणूस मागणं हेही लावणीच्या वेळी मागण्याइतकंच वाईट.

दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. भात कापून खळ्यावर आलेलं असतं, गावात माणूस बोलायला मोकळा असतो. गवत वाळून आडवं पडायला लागतं, वाट उघडी होते. गडावरच्या टाक्यांत पाणी असतं आणि ओढे अजून पुरते आटलेले नसतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर, हा तो काळ. उणिवा आहेतच. दिवस लहान, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळी फटफटतानाच निघावं लागतं. रात्री माचीवर वारा हाडांत शिरतो. ही गैरसोय आहे, पण अंगावर एक जास्तीचा कपडा घेऊन ती भागते. पावसातल्या नाळेवर असा कुठलाच कपडा नाही.

फेब्रुवारी उजाडला की दरवाजा मिटायला लागतो. टाकी तळाला जातात, आणि जे उरतं ते आधी गुरांचं आणि धनगरवाड्यांचं, मग आपलं. पंधरा जणांचा गट एका मुक्कामाला किती पाणी उपसतो, याचा हिशेब एकदा हंडे मोजून करा. मार्चनंतर वणवे. गवत इतकं कोरडं असतं की कुणी फेकलेलं एक थोटूक अख्खी धार पेटवतं. वर कड्यांवर आग्या मोहोळं असतातच. आमच्यासारख्यांना आणखी एक गणित सोडवावं लागतं. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. मार्चातून तो फेब्रुवारीत आला, पुढे जानेवारीकडे सरकतो आहे. रोजे धरून तोरणा चढायचा नाही एवढी अक्कल असेल, तर येत्या वर्षांत आमचा चालण्याचा काळ आणखी आखडणार. चांद काही डोंगराकडे बघून उगवत नाही. तारखा आम्हीच अलीकडे ओढायच्या.

संयोजक म्हणतील, लोकांनाच पाऊस हवा असतो, आम्ही काय करणार? लोकांना पाऊस हवा असतो कारण वर्षानुवर्षं तुम्ही त्यांना दुसरं काही दाखवलंच नाही. डिसेंबरातल्या पहाटे तोरण्यावर उभं राहिलं तर मागे राजगड, पुढे लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड, म्हणजे आपण कुठून आलो आणि कुठे जायचंय ते सगळं एका नजरेत येतं. तुमच्या फोटोत मात्र धूर असतो, तो कुठल्याही डोंगरावरचा असू शकतो. 2025 च्या जुलैत राजगड आणि रायगड जागतिक वारशाच्या यादीत गेले. मधला तोरणा त्या यादीत नाही, त्याचं नशीब थोर म्हणायचं. गर्दी आता आणखी वाढेल. पहिला धबधबा फुटला की जिल्हा प्रशासन मनाई हुकूम काढतं, एक-दोन रविवार पोलीस उभे राहतात, मग सगळं पुन्हा सुरू. त्यापेक्षा वेल्ह्याच्या आणि मोहरीच्या बाजूच्या ग्रामपंचायतींना विचारा की लावणी कधी, कापणी कधी, विहिरीला पाणी कुठवर. ती उत्तरं आली की मग चालण्याच्या तारखा छापा.