किल्ल्याच्या पायथ्याची माणसे

दिवाळी आली की आमच्या बदलापुरात अजूनही काही अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव आणि अगदी माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. पण मुलांचा किल्ला तेवढ्याने पुरा होत नाही. पायथ्याशी विहीर लागते, विहिरीवर घागर घेतलेली बाई लागते, भाजीवाली लागते, मेंढपाळ लागतो, बैलजोडीमागे शेतकरी लागतो. ही सगळी मंडळी जागच्या जागी बसल्याशिवाय आमच्या शेजारचे पोर चकलीला हात लावीत नाही. राज्य म्हटले की एवढी माणसे लागतात, ही समज आठ वर्षांच्या पोराला असते. पुढे ते शाळेत जाते, वक्तृत्वस्पर्धेत उतरते आणि ती समज नाहीशी होते. ती कोण नाहीशी करते, ह्याबद्दल आज मला भांडायचे आहे; आणि वाचकहो, आरोपीच्या पिंजऱ्यात मी स्वतःही उभा आहे.

झाले असे. उल्हासनगरातल्या एका शाळेने मला वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. निवृत्त मास्तराला असल्या निमंत्रणाचे कौतुक फार! इस्त्रीचा सदरा चढवून, गाडी पकडून मी वेळेआधी हजर झालो. विषय होता 'महाराष्ट्राचे शिल्पकार'. २२ मुले बोलली आणि २२ जणांत मिळून नावे निघाली जेमतेम सात: ज्ञानेश्वर, तुकाराम, शिवाजी महाराज, जोतीराव, सावित्रीबाई, टिळक आणि बाबासाहेब. माझे ह्या सातांशी भांडण असेल तर माझी जीभ झडो. पण ती भाषणे! जोतीरावांचे नाव काढून तिथे टिळकांचे घातले असते तरी एक वाक्य बदलावे लागले नसते. सगळेच 'थोर', सगळेच 'तळपता सूर्य'. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या, हे एकाही मुलाने सांगितले नाही. त्या 'वंदनीय' आहेत, हे मात्र पाच जणांनी सांगितले.

एकविसावी मुलगी सिंधी होती. मराठी स्वच्छ, आवाज खणखणीत. तिने सांगितले, की माझे पणजोबा फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आले. लष्कराच्या रिकाम्या बॅरेकमध्ये मधे गोणपाटाचा पडदा लावून दोन बिऱ्हाडे राहिली. पणजी गाडीत पापड विकायची, पण तिने कोणापुढे हात पसरला नाही. मग ती होतचंद अडवाणी आणि प्राचार्य के. एम. कुंदनानी ह्यांच्याविषयी बोलली. सिंधमधल्या हैदराबादेत ह्यांचे कॉलेज होते, ते गेले. १९४९ साली त्यांनी वांद्र्याला ते पुन्हा उभे केले. पुढे १९६५ साली त्यांच्याच मंडळाचे चांदीबाई कॉलेज उल्हासनगरात आले, आणि माझी आई त्या कॉलेजात शिकली, असे ती म्हणाली. 'हेही महाराष्ट्राचे शिल्पकार आहेत', एवढे बोलून ती खाली बसली.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी कागदावर पेन्सिलीने शब्द लिहिला, 'विषयांतर'. मी तो तिरक्या नजरेने पाहिला आणि माझ्याही कागदावर तोच लिहिला. मुलीचा नंबर आला नाही. 'तळपत्या सूर्या'ला ढाल मिळाली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो तेव्हा मला स्वतःची लाज वाटू लागली. विषयांतर म्हणजे काय? उल्हासनगर हे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारींनी ८ ऑगस्ट १९४९ रोजी कोनशिला बसविताना दिले, इथून जवळच वाहणाऱ्या उल्हास नदीवरून. आजचे महाराष्ट्र राज्य जन्मले १ मे १९६० ला. म्हणजे उल्हासनगर महाराष्ट्र राज्याहून जवळजवळ ११ वर्षांनी वडील! आणि त्या थोरल्या गावातल्या मुलीला आम्ही दोन मास्तरांनी सांगितले, की बाई, तू विषयाबाहेरची आहेस.

आता मी ज्या गाडीत बसलो होतो तिचाच विचार करा. मुंबईहून आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणला आणि १८५६ साली आमच्या ह्या वाटेने खोपोलीपर्यंत. ही रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, पैसा घातला, कंपनीच्या संचालकांत जे बसले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. ते जन्मले मुरबाडला, १८०३ साली. मुरबाड म्हणजे बदलापूरहून हाकेवरचे गाव. रोज हजारो माणसे ह्या मार्गावर दाराला लोंबकळत जातात. नाना शंकरशेट आपल्या तालुक्याशेजारचे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे? मुलींच्या शाळेला ज्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, त्यांचे नाव त्या २२ भाषणांत एकदाही आले नाही.

पुढचे स्टेशन अंबरनाथ. इथले शिवमंदिर कोणी बांधले, असे आमच्याकडे विचाराल तर दहांतले आठ जण सांगतील, 'पांडवांनी, एका रात्रीत.' पांडवांना श्रेयाची काय वाण पडली आहे, की तेही आपण त्यांनाच द्यावे? देवळाच्या उत्तर दाराच्या तुळईवर, आतल्या अंगाला, शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याला लेखात माम्वाणी म्हटले आहे, त्याच्या काळातला हा लेख. हे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे तगर नगरीचे धनी. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. ठाण्यात राज्य करावे आणि मिरवावे तेरचे नाव! तेही आपले मूळ गाव दुसरीकडेच सांगणारे लोक. देवळाची भूमिज बांधणी तर माळव्यातही दिसते. आणि लेखात राजाचे नाव आहे, अधिकाऱ्यांची आहेत. ज्यांनी त्या काळ्या दगडातून अप्सरा आणि हत्ती काढले, त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव नाही. यादीतून माणसे गळण्याचा रोग असा हजार वर्षांचा जुना आहे.

ह्या देवळाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या माणसांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईत आलेला हा मुलगा १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला, महारोगावर औषध शोधीत राहिला आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचीत राहिला. अंबरनाथचाही त्याने वाचला. १८६८ साली मुंबई सरकारने ह्या देवळाची चित्रे आणि ठसे घेण्यासाठी जे. जे. कलाशाळेतली माणसे इथे पाठविली. ती शाळा निघाली सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. जमशेटजी पारशी. गोव्याचा डॉक्टर, पारशी व्यापाऱ्याची शाळा, तेरचा अभिमान सांगणारा राजा: आमच्या अंबरनाथच्या एका देवळाभोवती एवढा महाराष्ट्र गोळा झाला आहे. आणि आम्ही त्या देवळाजवळून वाहणाऱ्या वालधुनीत सांडपाणी सोडतो, महाशिवरात्रीला रांग लावतो आणि पांडवांचा जयजयकार करून घरी येतो.

मग बदलापूर. इथून पूर्वेला डोंगराच्या रांगा दिसतात, त्यांच्या अंगाला मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि त्यांचे सोबती हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाई माथेरानचे, नाभिक घरातले, शिकून वकील झालेले. सावकाराच्या कणगीपुढे शेतकऱ्याला उभे राहावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठारे काढली. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. वय अवघे तीस. दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात, तेवढे बरे आहे. पण स्पर्धेच्या पुस्तिकेत भाई नाहीत, कारण पुस्तिका दुसऱ्या पुस्तिकेवरून उतरवलेली असते आणि दुसरी तिसरीवरून.

आता माझ्यावर आक्षेप येणार, हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप असा, की 'अहो, असे सगळेच शिल्पकार झाले तर थोर कोण उरला? यादीला कुठे तरी शेवट हवा.' हवाच. माझी कसोटी साधी आहे. त्या माणसाचे काम मनातल्या मनात काढून घ्या आणि आपल्या आजच्या दिवसातले काय अडते ते पाहा. ज्याच्यावाचून काही अडत असेल तो यादीत घ्या, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो. ह्या कसोटीला माझे सातही जण उतरतात, आणि तळपते उतरतात! बाबासाहेबांचे काम काढून घेतले तर माझ्या वर्गातल्या अर्ध्या बाकांवर कोण बसले असते? पण हेच तर मुलांना सांगायचे असते. नुसते 'थोर' म्हटल्याने थोर माणूस मुलापासून लांब जातो, फोटोच्या चौकटीत बसतो आणि तिथून त्याला कोणी काही विचारू शकत नाही.

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो: 'ते लोक शेवटी बाहेरचे.' मी विचारतो, किती वर्षांनी माणूस आतला होतो? भाऊ दाजी गोव्याहून आले, त्यांना आपण केव्हाच आपले म्हटले. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नावही दिले. उल्हासनगरातल्या त्या घराची चौथी पिढी मराठीत भाषण करते आहे. तिला आपले म्हणायला आम्हांला आणखी कोणता दाखला पाहिजे? आणि आम्ही बदलापूरकर तरी असे कोण मूळचे लागून गेलो? माझा बाप साताऱ्याहून आला, शेजारी रत्नागिरीचे, समोरचे जळगावचे. मुंबईत खोली परवडेना म्हणून बहुतेक सगळे ह्या गाडीने इथे येऊन उतरलो. आमचा इतिहास तिकिटावरच छापलेला आहे.

दोष एकतर्फी आहे असे मात्र मी म्हणत नाही. उल्हासनगरातल्या दुकानदाराला पुढच्याच स्टेशनवरचे हजार वर्षांचे देऊळ कोणाचे, हे सांगता येत नाही. सिद्धगड कुठे, हेही येत नाही. ज्या गावात चार पिढ्या पोट भरले, त्या गावाला 'तू कोण' असे एकदाही विचारायचे नाही, ही आपुलकीची रीत नव्हे. मराठी माणूस यादी पाठ करून मोकळा, सिंधी माणूस गल्ला मोजून मोकळा. आणि मधल्यामध्ये गाव बिनवारशी.

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते फुकटात होण्यासारखे आहे. ह्या तिन्ही गावांतल्या शाळांनी एक वर्ष ती पुस्तिका कपाटात ठेवावी. विषय द्यावा, 'आमच्या गावातले हे कोणी केले?' हे म्हणजे शाळा, पूल, देऊळ, बाजार, वाचनालय, विहीर, काहीही. मुलाने ते पाहावे, म्हाताऱ्याला विचारावे, दगडावरचे वाचावे आणि मग बोलावे. 'थोर' हा शब्द वापरला की एक गुण कमी. आणि घरच्यांनो, भाऊबीज आटोपली की मुलांना घेऊन अंबरनाथला उतरा. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. तिथून वर मान करून पाहा, शिखर माथ्यावर उघडे आहे आणि आकाश दिसते. पांडवांची गोष्ट अवश्य सांगा, पण मुम्मुणीचीही सांगा, आणि नाव न राहिलेल्या पाथरवटांचीही.

राहता राहिली ती मुलगी. मी शाळेला पत्र लिहिले आहे, की माझ्या कागदावरचा 'विषयांतर' हा शब्द मी मागे घेतो. तो माझा नव्हताच, शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवलेला होता. चाळीस वर्षे मी मुलांना नक्कल केल्याबद्दल बाकावर उभे केले. आता ह्या वयात माझी पाळी आली आहे आणि ती मी नाकारीत नाही. ढाल परत मागता येत नाही, हे मला कळते. शाळेचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर शेजारच्या पोराला मी एक चित्र आणून दिले आहे: हातात पुस्तक धरलेली बाई. त्याने ती कुठे बसवायची म्हणून विचारले. मी म्हटले, 'तूच ठरव.' त्याने तिला विहिरीशेजारी बसविले आणि म्हणाला, 'इथे सगळे येतात.'